मागणीचे पान

“हळू शब्दाने सुरुवात करावी, सूनबाई. मोठा शब्द काही पळून जात नाही. तो पानाच्या तळाशी बसलेलाच असतो.”

मास्तरांचा हा आवाज अजून माझ्या शिवणीत आहे. मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. लांबट, जाडजूड, तपकिरी कापडाच्या पाठीची. माझ्यात हिशेब नाहीत, गाणी नाहीत, कुणाचे पत्तेही नाहीत. माझ्यात शब्द आहेत. एकेका पानाच्या माथ्यावर एक ठळक शब्द, आणि त्याखाली त्याचे सगळे सगेसोयरे. ‘उशीर’ या शब्दाचे एक पान आहे, ‘आभार’ या शब्दाचेही आहे. पण माझे सर्वांत मळलेले, कोपरे गोल झालेले पान म्हणजे बेचाळिसावे. त्याच्या माथ्यावर लिहिले आहे, ‘मागणी’.

मास्तर शाळेत कधी शिकवत नव्हते. कचेरीसमोरच्या टपरीत बसून ते लोकांना अर्ज लिहून देत. त्यांचे अक्षर फळ्यावरच्यासारखे स्वच्छ, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. कचेरीत वाया गेलेल्या छापील कागदांच्या कोऱ्या पाठी त्यांनी जमवल्या, चपला शिवणाऱ्या शेजाऱ्याकडून मेणाचा दोरा मागून आणला आणि एका रविवारी दुपारी मला शिवले. सुई तीनदा बोटात घुसली. माझ्या पहिल्या पानावरचा तांबूस ठिपका त्याची खूण आहे.

माझ्यातले शब्द मास्तरांनी पुस्तकांतून उतरवले नाहीत, ऐकून घेतले. टपरीसमोर माणसे बोलत असत आणि मास्तर कान देत असत. एखादी आई म्हणायची, “सकाळपासून लकडा लावलाय या पोरीनं,” की ती पाठमोरी होताच मास्तर मला उघडून ‘लकडा’ लिहून ठेवत. कुणी शेजाऱ्याची भुणभुण सांगे, कुणी घरमालकाचा तगादा. अशा रीतीने बेचाळिसावे पान भरले.

त्या पानाला वरून खाली पायऱ्या होत्या. सर्वांत वर विनंती. तिच्याखाली विनवणी, आर्जव, गळ. मग आग्रह, लकडा, तगादा, धोशा. त्यांच्याखाली मास्तरांनी एक लाल रेघ ओढली होती, आणि रेघेच्या खाली ओरड, गिल्ला, हाकाटी, आक्रोश, टाहो आणि शेवटी, अगदी तळाला, आकांत.

“सगळ्यांचा अर्थ एकच ना, मामंजी?” नवी सून पहिल्यांदा टपरीत मदतीला आली तेव्हा तिने विचारले होते.

“एकच?” मास्तर हसले. “अगं, विनंती चपला बाहेर काढून दारात उभी राहते. आर्जव उंबऱ्याशी खाली बसतं. गळ घालणारा आपला हात धरतो. लकडा पदर ओढतो. तगाद्याला पाय असतात, तो रोज येतो. धोशाला पायच नसतात, तो जातच नाही. सांग आता, एकच का?”

सून हळू हसली. ती सगळेच हळू करत असे. बोलणे हळू, हसणे हळू, पेन्सिलीला टोक काढणेही हळू. तिचा नवरा, म्हणजे मास्तरांचा मुलगा, दूरच्या बंदरावर नोकरीला होता. घरी सासरे आणि सून, दोघेच. टपरीत येऊ लागल्यापासून तिने एक नेम धरला. सकाळी हात धुऊन, डोळे मिटून क्षणभर देवाचे नाव घ्यायचे, माझे एक पान वाचायचे, आणि मगच टपरीची फळी वर करायची. पाऊस असो, ताप असो, तिने नेम मोडला नाही. त्या दिवसांत मला फार सुख वाटे.

मास्तरांचा नियम असा होता. एकाच कामासाठी पहिला अर्ज विनंतीचा. उत्तर आले नाही तर दुसरा एक पायरी खाली. दर वेळी समासात पेन्सिलीने बारीक खूण, तारीख आणि कुणासाठी ते. ‘दूधवाला’, ‘दोन जुळ्यांची आई’, ‘बहिरे काका’, अशा नोंदी अजून माझ्यात आहेत. लाल रेघेखालच्या शब्दांसमोर मात्र समास कोरा होता. “रेघेखाली उतरायची वेळ माणसाच्या आयुष्यात एकदा येते,” मास्तर म्हणत. “ती खरंच आली की नाही हे बघणं आपलं काम.”

मित्रांनो, माझ्या वाट्याला कौतुकही आले बरे का! एका गल्लीला चार वर्षे नळ मिळत नव्हता. मास्तरांनी दोन अर्ज लिहिले, एक विनंतीचा, एक विनवणीचा. नळ आला, आणि आठवड्याने पाणीखात्याचा अभियंता स्वतः टपरीत आला. “हा अर्ज कुणी लिहिला?” त्याने विचारले. मास्तर जरा घाबरले. तो म्हणाला, “घाबरू नका. वाचून नोकरीत पहिल्यांदाच काम करावंसं वाटलं, म्हणून बघायला आलो.” मास्तरांनी माझ्याकडे बोट दाखवले. त्याने मला दोन्ही हातांत घेऊन पाहिले, आणि माझी पाठ अभिमानाने ताठ झाली. जाड वहीची पाठ तशीही ताठच असते, पण तुम्ही समजून घ्याल.

पुढे मास्तरांची नजर गेली. ते सांगत आणि सून लिही. मग एका हिवाळ्यात तेही गेले. टपरी सूनबाईची झाली आणि मीही.

त्यानंतर रस्त्याच्या पलीकडे एक नवे दुकान आले. तिथे संगणक होता, छपाईयंत्र होते आणि एक हसतमुख तरुण होता. लोक त्याला फॉर्मवाला भाऊ म्हणत. त्याच्याकडे प्रत्येक कामाचा तयार अर्ज असे. नाव घातले की कागद बाहेर. आणि प्रत्येक कागदाच्या डोक्यावर जाड अक्षरांत एकच मजकूर छापलेला असे, ‘अत्यंत तातडीचे! त्वरित! तत्काळ! ताबडतोब!’

“वहिनी,” तो रस्त्यापलीकडून ओरडून सांगे, “जमाना आवाजाचा आहे! तुमचा अर्ज म्हणजे देवळातली कुजबूज!”

“देवाला कुजबूजही ऐकू येते, भाऊ,” ती म्हणाली.

“देवाला येते हो, कारकुनाला येत नाही!”

माणसे फॉर्मवाल्याकडे जाऊ लागली. जी टपरीत येत ती बोलून दाखवत, “बाई, तुमचा अर्ज वाचताना डोळा लागतो. त्याचा कागद बघा, कसा अंगावर येतो.” सूनबाईने एक ऋतू दम धरला. मग एका सकाळी रस्त्यावरचा दिवा लुकलुकतो म्हणून एक गृहस्थ आले, आणि तिने पहिल्याच अर्जात लाल रेघ ओलांडली. ‘उजेडाअभावी आमच्या गल्लीचा आक्रोश’ असे तिने लिहिले. गृहस्थ एवढे खूश झाले की त्यांनी अर्ज टपरीसमोरच मोठ्याने वाचला. दुसऱ्या दिवशी एका फेरीवाल्याची छत्री कुणीतरी दोन फूट सरकवली होती. त्याच्यासाठी तिने ‘आकांत’ वापरला.

छत्रीसाठी आकांत! मित्रांनो, मला लाज वाटली. पण वहीला कोण विचारतो?

गर्दी परत आली. “बाई, काटा आला अंगावर!” असे लोक म्हणत. सूनबाईही ‘अतितातडीचे’ हा शब्द लाल शाईने लिहू लागली. रेघेखालच्या सहा शब्दांसाठी तिला माझी गरज उरली नाही, ते तिला पाठच झाले. आधी समासातल्या खुणा थांबल्या. मग सकाळचे पान थांबले, कारण फळी वर करण्याआधीच माणसे रांगेत उभी असत. आणि एक दिवस टेबलाचा एक पाय आखूड पडून डुगडुगायला लागला, तेव्हा तिने इकडेतिकडे पाहिले आणि मला त्या पायाखाली सरकवले.

तिथे मी दोन वर्षे होते. टेबलावरची प्रत्येक सही माझ्या पाठीत दाबली जाई. मला तक्रार करायची नाही, कारण तिथेही मी काहीतरी सावरून धरलेच होते. पण शब्दांनी भरलेल्या वहीला लाकडाच्या ठोकळ्याचे काम करावे लागले, हे मनात बोचत असे.

अशाच एका सकाळी, अकराच्या सुमारास, इस्त्रीवाल्या मावशी टपरीत आल्या. शेजारच्या बोळात त्यांचे इस्त्रीचे टेबल होते. त्यांच्या टेबलासमोरच शिलाईच्या कारखान्याचे मागचे दार. त्यांची लेक त्याच कारखान्यात काजे करायची.

“बाई, लिही,” त्या म्हणाल्या. “माझा हात थरथरतोय, नाहीतर मीच लिहिलं असतं. म्हणजे मला येत नाही लिहायला, पण लिहिलं असतं!”

“बसा, मावशी. पाणी घ्या. काय झालं?”

झाले ते असे. कारखान्यातल्या एका यंत्राची तार जळली होती. ज्वाळा नव्हती, नुसता धूर. पण कापडाच्या ढिगांत धूर म्हणजे काय हे प्रत्येकीला ठाऊक. पुढच्या वाटेत कापडाचे गठ्ठे रचलेले, एका वेळी एकच बाई निघेल एवढीच जागा. म्हणून सगळ्या मागच्या दाराकडे धावल्या. मागच्या दाराला बाहेरून कुलूप. कापड चोरीला जाऊ नये म्हणून मालक रोज सकाळी आठला ते लावायचा. किल्ली मुकादमाकडे, आणि मुकादम चहाला.

“आतून ठोकत होत्या, बाई. एक्केचाळीस जणी. त्यात माझ्या लेकीचा हात मला ओळखू येत होता. आणि मी बाहेर उभी. कुलूप माझ्या पंज्याएवढं. काय करणार होते मी? कुणीतरी बादलीभर पाणी ओतलं म्हणून निभावलं. पुढच्या वेळी?”

“लेकीला म्हणावं, सोड ती नोकरी.”

“म्हटलं ना! तर म्हणते कशी, आई, मी सुटेन, बाकीच्या चाळीस आतच राहतील की.”

सूनबाईचे डोळे भरले. तिने लगेच कागद ओढला आणि पाठ असलेले सगळे मोठे शब्द त्यात ओतले. आक्रोश, टाहो, आकांत, त्वरित, तत्काळ. वर लाल शाईत ‘अतितातडीचे’. समोरच्याच कचेरीत सगळ्या तऱ्हेचे अर्ज जात; कारखान्यांची तपासणीही तिथूनच होई. मावशी अर्ज स्वतः देऊन आल्या.

उत्तर आले नाही. पंधरा दिवसांनी दुसरा अर्ज गेला, मग तिसरा. आता आणखी मोठा शब्द कुठून आणणार? सगळे पहिल्याच अर्जात खर्च झाले होते. मावशी रोज सकाळी आठला कुलूप लागताना पाहत आणि संध्याकाळी सहाला निघताना पाहत. मधल्या वेळात, त्या सांगत, “इस्त्री शर्टावर आणि डोळे कुलपावर. काल एका साहेबांच्या पँटला तीन घड्या घातल्या.”

मग कचेरीतला आवक-जावक कारकून टपरीत आला. येणारे प्रत्येक पत्र नोंदवून टोपलीत टाकणे हे त्याचे काम. त्याला स्वतःच्या रजेचा अर्ज हवा होता. लेकीचे बाळंतपण जवळ आले होते.

सूनबाईने सवयीने लाल पेन उचलले.

“अहो वहिनी, नको नको!” कारकून दोन्ही हात हलवत म्हणाला. “तातडीचे लिहू नका, पाया पडतो. नाहीतर बाळ चालायला लागेल, शाळेत जाईल, तरी मला रजा मिळायची नाही!”

“म्हणजे?”

“आमच्याकडे दोन टोपल्या असतात. एक साधी, एक तातडीची. साधीत रोज चार-पाच अर्ज पडतात. तपासनीस बाई जेवणाच्या सुट्टीआधी ती रिकामी करतात. तातडीच्या टोपलीत रोज बारा येतात. बाई बिचाऱ्या रोज दहा वाचतात. आता टोपली कसली, ढीगच झालाय भिंतीला टेकून. तळाचे कागद मागच्या वर्षीचे आहेत.”

पेन सूनबाईच्या हातातच राहिले. “त्यात... मी लिहिलेले किती असतील?”

कारकून जरा घुटमळला. “मोजले नाहीत. पण तुमचं अक्षर ओळखीचं आहे. सहाशेतले निम्मे तरी.”

वर तिने लाल पेनाला टोपण लावले, तो खटका मला खालून ऐकू आला. तीनशे माणसे. कुणाचे औषध, कुणाचा दिवा, कुणाचे घर. तिच्याच हातचा मोठा शब्द त्यांच्यावर धोंड्यासारखा बसला होता.

“भाऊ,” ती शेवटी म्हणाली, “मावशीचं दार आधी. त्यात माणसं कोंडलेली आहेत. ते उघडू दे, दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे येते. त्या ढिगातला एकेक अर्ज वाचून साधा लिहून देते. माझेही आणि फॉर्मवाल्याचेही. वचन समजा.”

“अहो, सहाशे आहेत!”

“असू देत.”

कारकुनाने डोके खाजवले. “साहेबांची परवानगी मी काढतो. पण वहिनी, तुम्ही वेड्या आहात.”

तो गेला, आणि ती खाली वाकली. टेबल उचलून तिने मला ओढून काढले. टेबल एका बाजूला कलले, उरलेला चहा सांडला, पेन घरंगळले. तिचे तिकडे लक्षच नव्हते. पदराने माझी धूळ पुसून तिने मला कपाळाला लावले आणि बेचाळिसावे पान उघडले. ‘विनंती’ या शब्दाशेजारी मास्तरांनी बारीक अक्षरांत एक ओळ लिहून ठेवली होती, ‘हिला रिकाम्या हाताने पाठवू नये. हातात मोजमाप द्यावे.’

मावशींना बोलावणे गेले.

“मावशी, आता रडायचं नाही. मोजायचं. दार किती रुंद?”

“माझ्या दोन हातांएवढं.”

“आतून कडी?”

“नाही. आतून नुसती फळी.”

“त्या दिवशी किती वेळ ठोकत होत्या?”

“घड्याळ कुठलं माझ्याकडे? इस्त्री हातातच राहिली होती माझ्या, टेबलावर टेकवलेली. खालच्या चादरीला भोक पडलं. आरपार, इस्त्रीच्या आकाराचं. तेवढा वेळ.”

सूनबाईने मान वर केली. “ती चादर आहे?”

“आहे की. टाकून कशी देईन? दुसऱ्या बाजूनं वापरते.”

मित्रांनो, त्या दिवशी जो अर्ज लिहिला गेला तो माझ्या आयुष्यातला सर्वांत लहान. तो मला तोंडपाठ आहे:

‘विनंती. शिलाईच्या कारखान्याचे मागचे दार सकाळी आठ ते संध्याकाळी सहा बाहेरून कुलपात असते. आत एक्केचाळीस जणी काम करतात. पुढच्या वाटेने एका वेळी एकच निघू शकते. धूर झाला त्या दिवशी त्या जेवढा वेळ दार ठोकत होत्या, तेवढ्या वेळात बाहेर इस्त्रीखालची चादर जळली. चादरीचा तुकडा सोबत जोडला आहे. कृपया दार पाहून जावे.’

सह्यांचा प्रश्न उरला. पहिली सही करील ती मुकादमाच्या डोळ्यांवर येणार. त्यावर तोडगा मावशीच्या लेकीनेच काढला. तिने कागदाच्या पाठीवर जेवणाची थाळी पालथी ठेवून तिच्या कडेने एक वर्तुळ काढले आणि सगळ्यांनी त्या वर्तुळावरून सह्या केल्या. पहिली कोण, शेवटची कोण, कुणाला कळायची सोय नव्हती. जिला लिहिता येत नव्हते तिने अंगठा दिला. एक्केचाळीस जणी त्या कागदावर फेर धरून उभ्या राहिल्यासारख्या दिसत होत्या.

सूनबाईने समासात पेन्सिलीने खूण केली, तारीख घातली, आणि पुढे लिहिले, ‘इस्त्रीवाल्या मावशी’. दोन वर्षांनंतरची माझी पहिली खूण. मला गुदगुल्या झाल्या.

अर्ज साध्या टोपलीत पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी कारकून धावत रस्ता ओलांडून आला, धाप टाकत. “तपासनीस बाई निघाल्या! चादरीचा तुकडा हातात घेऊन! लिहिणारीला बोलावलंय!”

सूनबाईने मला पिशवीत टाकले आणि ती बोळाकडे धावली. तिला धावताना मी पहिल्यांदाच पाहिले. म्हणजे, ऐकले.

बोळात तपासनीस बाई उभ्या होत्या. बुटक्या, चष्म्याला दोरी लावलेल्या. समोर मालक आणि मुकादम. दाराला कुलूप.

“हे? हे तर नेहमी उघडंच असतं,” मालक म्हणाला. “आज चुकून लागलं असेल.”

“चुकून?” मावशी टेबलामागून म्हणाल्या. “मग रोज बरोबर आठच्या ठोक्याला चुकता हो तुम्ही!”

“किल्ली?” तपासनीस बाईंनी विचारले.

“घरी राहिली,” मुकादम म्हणाला. “दूर आहे घर.”

“आणा. मी थांबते.” आणि बाई मावशींच्या स्टुलावर बसल्या.

मालकाने आवाज मऊ केला. “कशाला त्रास घेता? आतल्या एकीचीही तक्रार नाही हो. आजवर कुणी चकार शब्द काढला नाही. ही बाहेरची माणसं कागद रंगवतात.”

तपासनीस बाई उठल्या. दाराजवळ गेल्या, बोटाने तीनदा टकटक केली आणि फळीला तोंड लावून विचारले, “आतल्या बायांनो, हे दार उघडायला हवंय का?”

आत यंत्रे चालू होती. एक थांबले. मग दुसरे. मग एकामागून एक सगळी थांबली. एवढी शांतता झाली की मावशींच्या इस्त्रीतला निखारा तडकलेला ऐकू आला. मालकाच्या चेहऱ्यावर हसू यायला लागले होते. सूनबाई पिशवीवरून माझ्या पाठीवर हात दाबून उभी होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

“हो,” आतून एक आवाज आला. मावशींनी तोंडावर हात घेतला. लेक होती ती.

“हो!” दुसरी म्हणाली. “हवंय!” तिसरी. आणि मग, मित्रांनो, मग जे झाले ते कसे सांगू? एक्केचाळीस गळे एकदम उघडले. दारावर हात पडले, कात्र्यांच्या मुठी पडल्या, थाळ्या पडल्या. “उघडा! उघडा! दार उघडा!” फळी थरारली, कुलूप नाचू लागले, बोळातल्या खिडक्या धडाधड उघडल्या. इतकी वर्षे माझ्या लाल रेघेखाली सहा शब्द शाईत निजले होते. छत्रीसाठी वापरून त्यांचा जीव गेला असे मला वाटले होते. त्या सकाळी ते सहाच्या सहा उठून उभे राहिले. ती ओरड होती, हाकाटी होती, आणि सर्वांत खालून, छातीच्या तळातून येणारा तो आकांत होता. खरा, आणि भीतीचाही नव्हे. आता कुणीतरी ऐकते आहे हे कळल्यावरचा तो आवाज होता, आणि त्यात विजय होता.

घरी राहिलेली किल्ली मुकादमाच्याच खिशात सापडली. अर्धे मिनिटही लागले नाही.

दार उघडले. बाया बोळात आल्या, केसांत दोरे, खांद्यांवर कापसाचे तूस, उन्हाने डोळे मिचकावत. कुणी हसत होती, कुणी रडत होती, एक तर नुसतीच आत जाऊन पुन्हा बाहेर येत होती, मग पुन्हा आत, पुन्हा बाहेर. मावशीची लेक आईसमोर येऊन उभी राहिली. मावशींनी तिच्या केसांतला एक दोरा काढला, मग दुसरा, आणि म्हणाल्या, “डबा खाल्लास का?”

तपासनीस बाई मात्र तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी सुतार बोलावला, आपल्यासमोर कडीकोयंडे उपटवले आणि आतून नुसते ढकलले की उघडेल असा आडवा दांडा बसवून घेतला. मग स्वतः आत जाऊन तीनदा ढकलून पाहिला. पुढच्या वाटेतले गठ्ठे संध्याकाळच्या आत हलवायला लावले, हुकूम दारावर डकवला, आणि मालकाला म्हणाल्या, “मी न सांगता येत राहीन. चुकून कुलूप दिसलं, तर कारखान्यालाच लावीन.”

जाता जाता त्या सूनबाईपाशी थबकल्या. “तुमचे आधीचे तीन अर्जही सापडले मला. ढिगात होते. मी वाचायला हवे होते.”

“मी नीट लिहायला हवे होते,” सूनबाई म्हणाली.

त्या संध्याकाळी टपरीत तिने मला उघडले. सर्वांत तळाशी, ‘आकांत’ या शब्दासमोर, जिथे मास्तरांनी समास कोरा ठेवला होता, तिथे तिने तारीख घातली आणि लिहिले, ‘एक्केचाळीस जणी, स्वतःच्या तोंडाने’. मग बोळात पडलेली एक वीट आणून टेबलाच्या पायाखाली सरकवली.

मित्रांनो, मी म्हातारी झाले आहे. माझी पाने पिवळी पडली, शिवण सैल झाली. तुमच्याकडे माझी एकच मागणी आहे, आणि ती मी पहिल्याच पायरीवरून करते. तुमच्या घरी एखादी जुनी वही असेल, तर तिला टेबलाखाली घालण्याआधी एकदा उघडून बघा. आणि शब्द जपा. पेन्सिल हरवली म्हणून टाहो फोडू नका. मोठे शब्द नीट झाकून ठेवा, म्हणजे कधी खरोखर दार ठोकायची वेळ आली, तर ते तुमच्या गळ्यात ताजे असतील. आणि कुणी हळू बोलत असेल, तर जरा जवळ जाऊन ऐका. त्याच्या हातात जळलेल्या चादरीचा तुकडा असू शकतो.

दार उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईने हात धुतले, डोळे मिटले, माझे एक पान वाचले. पण फळी वर केली नाही. तिने मला पिशवीत ठेवले, कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला, टोक काढलेल्या चार पेन्सिली ठेवल्या.

“वहिनी, आज दुकान बंद?” फॉर्मवाला भाऊ पलीकडून ओरडला. “एवढं जिंकलात, आज तर रांग लागेल!”

“जरा समोर जाऊन येते,” ती म्हणाली. तिच्या नेहमीच्या आवाजात, त्यामुळे त्याला बहुधा ऐकूही गेले नसावे.

कचेरीच्या दारात कारकून सहाशे अर्जांच्या ढिगाशेजारी एक खुर्ची पुसत उभा होता. सूनबाईने दोन्ही बाजूंना पाहिले, पिशवी छातीशी धरली आणि रस्ता ओलांडायला सुरुवात केली.